कंबरदुखी: एक म्हणतो गॅप, दुसरा म्हणतो स्नायू सुकले, तिसरा म्हणतो सगळं मेंदूत. धरायचं काय?

मागवाला_इचल

नमस्कार मंडळी,

इचलकरंजीत माझा छोटा यंत्रमाग कारखाना आहे. मालक मीच, जॉबर (माग दुरुस्त करणारा) मीच, आणि कामगारानं दांडी मारली की रात्रपाळीही माझीच. वय चव्वेचाळीस.

दिवाळीच्या आधी सायझिंगवरून (सुताला खळ लावतात तिथनं) आलेला बीम, म्हणजे सुताचा जड रूळ, मागावर चढवताना कंबरेत उसण भरली. जागच्या जागी वाकडा झालो. गोळ्या झाल्या, शेक झाला, मालिश झालं, उतार पडला. पण मुळातून काही गेलं नाही. सकाळी उठताना कंबर आखडलेली असते, तोंड धुऊन चहा होईतो मोकळी होते. तुटलेलं सूत सांधायला मागावर ओणवं झालं की डावीकडं कळ येते. कधी कुल्ल्यात उतरते, कधी मांडीच्या मागून. गुडघ्याच्या खाली मात्र कधी गेली नाही. बसलेलं उठायचं तर गुडघ्यावर हात रेटून उठतो.

त्यात एक गंमत बघा. भाचीच्या लग्नात पंगतीपासून मांडवापर्यंत सगळी पळापळ मीच केली, तेव्हा कंबर आहे का नाही हेही आठवलं नाही. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मात्र पाटावर बसवत नव्हतं.

एमआरआय काढला. त्यात ‘एल चार-पाच आणि एल पाच-एस एक चकत्या फुगलेल्या’ आणि ‘मल्टिफिडस स्नायूत सौम्य मेदसंचय’ असं आलंय. चकत्या म्हणजे मणक्यांमधल्या गाद्या आणि मल्टिफिडस म्हणजे कण्यालगतचा खोल स्नायू, एवढं समजलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, पट्टा सोडायचा नाही. जिममधला पोरगा म्हणाला, काका, तुमचे स्नायू सुकलेत, कोअरचे (पोट-कंबरेचे) व्यायाम करा. पुण्याच्या मेव्हण्यानं व्हिडिओ पाठवला, त्यात जुनी कंबरदुखी मेंदूत असते म्हणून सांगितलंय. मी त्याला फोन करून विचारलं, म्हणजे मी सोंग करतोय का रे? तर म्हणतो, तसं नाही भाऊजी. मग कसं ते त्यालाही सांगता येईना.

जाणकारांनी सांगावं. दुखतंय नक्की कुठं? आधी स्नायू सुकला का आधी दुखणं आलं? आणि वाकायचंच नाही म्हटल्यावर माग कुणी चालवायचा?

तालीम_गल्ली

दादा, डॉक्टरचं ऐकून लोळत पडला तर लोळतच राहाल. आमच्या कोल्हापुरात पैलवानाची कंबर धरली की वस्ताद त्याला झोपवत नाही. प्लँक सुरू करा. दिवसभर पोट आत ओढून, कंबर आवळून ठेवायची सवय लावा, बसताना उठताना, सगळीकडं. कंबर कसलेली असली की कसली कळ न् कसलं काय. मेंदूबिंदूचं आयटीवाल्यांना असू दे.

फिजिओताई_मिरज

मागवाले दादा, मी मिरजेत फिजिओथेरपी करते. मागावरची, उसाच्या तोडीवरची, द्राक्षबागेतली कंबर रोज हाताखालून जाते, त्यामुळं लांबण लावणार आहे.

आधी नकाराचे प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर ‘नाही’ यायला हवं. लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय का? सायकलच्या सीटला टेकते ती जागा बधिर झालीय का? चालताना पंजा उचलत नाही, चप्पल निसटते, असं होतंय का? ताप, विनाकारण उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी आणि कूस बदलून न जाणारी कळ? यातलं एक जरी ‘हो’ असेल तर हा धागा बंद करा आणि डॉक्टरकडं जा. सकाळचा आखडलेपणा चहापर्यंत जातो म्हणालात ते बरं आहे. तो अर्धा-पाऊण तास टिकत असता आणि वय पंचविशी-तिशीचं असतं तर मी सांध्यांच्या सुजेचा आजार तपासायला सांगितलं असतं.

सगळं ‘नाही’ असेल तर आता एमआरआयकडं येऊ. २०१५ साली एक मोठा आढावा छापून आला. पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर माणसांचे स्कॅन त्यात एकत्र बघितले होते. चाळिशीतल्या माणसांत निम्म्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या, आणि ६८ टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या. ही न दुखणारी माणसं, लक्षात घ्या. विशीतल्या पोरांतसुद्धा ३० टक्के फुगवटे होते. तेव्हा तुमचा फुगवटा बीम चढवतानाच आला की आधीपासून गुमान बसला होता, हे त्या फिल्मवरून कुणालाही सांगता येणार नाही. रिपोर्ट जपून ठेवा, पण उशाशी घेऊन झोपू नका.

कळ मांडीपर्यंत येते आणि गुडघ्याखाली जात नाही, याचंही ऐका. लंडनमध्ये केल्ग्रेन नावाच्या डॉक्टरनं १९३८ मध्ये माणसांच्या स्नायूंत खारट पाण्याची सुई टोचून बघितली. दुखायचं भलतीकडंच. पाठीच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूत टोचलं की कळ खाली पायात उतरायची, आणि तिथं कुठली नस दबलेली नसायची. स्नायूतून येणारे वेदनेचे तंतू मज्जारज्जूत इतर भागांतल्या तंतूंबरोबर त्याच पेशींवर येऊन मिळतात, म्हणून मेंदूला नेमकं ठिकाण लागत नाही. बोटाला काटा टोचला तर तुम्ही अंधारात बोट ठेवून दाखवाल. स्नायूच्या दुखण्याला तुम्ही पूर्ण तळवा फिरवून ‘हितं कुठंतरी’ म्हणता. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण तसाच तळवा फिरवतो.

आता एक करून बघा. पट्टा काढा. ताठ उभं राहून दोन्ही तळवे मागं, पट्ट्याच्या जागेच्या जरा वर, कण्याच्या दोन्ही अंगाला ठेवा. दोन उभे उंचवटे लागतील. ते पाठ ताठ ठेवणारे स्नायू. आता गुडघे थोडे सैल सोडून सावकाश खाली वाका. सुरुवातीला उंचवटे टणक होतील, कारण धडाचं वजन त्यांच्यावर येतं. वाकून वाकून शेवटाला आलात, मान आणि वरचं अंग नुसतं लोंबायला लागलं, की निरोगी पाठीत हे स्नायू मऊ पडतात. वजन तेव्हा कण्याच्या अस्थिबंधांवर आणि ताणलेल्या ऊतींवर जातं, आणि स्नायूला सुट्टी मिळते. वर यायला लागलात की पुन्हा टणक. फ्लॉइड आणि सिल्व्हर या जोडीनं १९५०च्या दशकात स्नायूंच्या विद्युत नोंदी घेऊन हे दाखवून दिलं. दुखऱ्या पाठीत ही सुट्टी बहुतेकदा मिळतच नाही. माणूस पूर्ण वाकला तरी स्नायू चालूच. कित्येक जण तर सुट्टीच्या टप्प्यापर्यंत वाकतच नाहीत, अर्ध्यातून परततात.

आता हा स्नायू चालू ठेवतंय कोण? स्नायू स्वतःहून काही ठरवत नाही. हुकूम वरून येतो.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला पॉल हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उभी हयात घातलीय. त्यांचा १९९६ चा प्रयोग असा. माणसाला उभं करायचं आणि दिवा लागला की झटकन हात वर करायला सांगायचं. निरोगी माणसात हाताचा स्नायू सुरू व्हायच्या आधीच पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू सुरू झालेला असतो. हात हलला की धड डगमगणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून तो आधीच तयारी करतो. कंबरदुखीवाल्यांत ही तयारी उशिरा येते. आणि उशीर त्या वेळी दुखत नसतानाही दिसतो.

पुढचा प्रयोग तुमच्या मेव्हण्याला सांगा. २००४ मध्ये मोझली, निकोलस आणि हॉजेस यांनी धडधाकट माणसं घेतली आणि हात हलवताना त्यांच्या पाठीला विजेचे दुखणारे झटके बसतील अशी व्यवस्था केली. नुसता झटका बसणार या धास्तीनं त्यांच्या आतल्या स्नायूंची वेळ चुकायला लागली आणि वरचे मोठे स्नायू आवळायला लागले. पाठीत इजा शून्य. मेंदूला दुखण्याची चाहूल लागली, एवढंच झालं होतं.

दादा, तुम्हाला ‘वाकू नका’ म्हणून सांगितलं त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक सुताला वाकताना काय करत असाल ते मी इथं बसून सांगते. श्वास धरता, पोट आवळता, पाठ ताठ ठेवून एका कडेनं खाली जाता. दिवसभरात असं कितीदा. सतत आवळलेला स्नायू दमतो, त्यातलं रसायन बदलतं, स्नायूतले बारीक वेदनातंतू ते टिपतात आणि कंबर दुखते. खरीखुरी दुखते, सोंग नव्हे.

आधी काय, हा तुमचा प्रश्न. २००६ मध्ये हॉजेस यांनी स्वीडिश सहकाऱ्यांबरोबर डुकरांच्या कण्यातल्या एका चकतीला मुद्दाम इजा करून बघितली. तीन दिवसांत त्याच बाजूचा मल्टिफिडस रोडावला. नुसत्या आरामानं इतक्या लवकर, तेही एकाच जागी, स्नायू आटत नाही. म्हणून संशोधकांचा रोख मज्जासंस्थेनं त्या स्नायूचा हुकूम कमी करण्यावर आहे. म्हणजे आधी इजा, मग हुकूम तुटला, मग स्नायू आटला. मेद साठतो तो बराच नंतर, आणि तो वयानंही साठतो. माणसांतही ज्युली हाइड्स यांनी १९९६ मध्ये दाखवलं की पहिल्यांदाच कंबर धरलेल्यांचं दुखणं थांबलं तरी दहा आठवड्यांनी दुखऱ्या बाजूचा मल्टिफिडस लहानच राहिलेला असतो. मुद्दाम शिकवून तो चालवला त्यांचा मात्र भरून आला.

तालीमवाले भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. लोळत पडायचं नाही, हे एकदम मान्य. पण ज्याची कंबर आधीच दिवसभर आवळलेली आहे त्याला आणखी आवळायला सांगू नका. तुमचा पैलवान डाव मारतो तेव्हा आवळतो आणि दुसऱ्या क्षणी सोडतोही. हे सोडणंच आमच्या पेशंटांना येईनासं होतं.

मागवाला_इचल

ताई, लय उपकार. हात ठेवून बघितलं. वाकलो, वाकलो, गुडघ्यापर्यंत हात गेले, तिथनं पुढं जाईनाच. आणि दोन्ही बाजू दगड. बायकोनं माझ्या मागं उभं राहून तिचे हात लावले, ती म्हणाली डावीकडचं तर उभं असतानाही घट्टच आहे. मग ती स्वतः वाकली आणि मी हात लावला. तिचं तुम्ही म्हणता तसं खाली गेल्यावर गप्पकन मऊ झालं. मला खरंच नवल वाटलं.

श्वास धरतो हे पण खरं. आज कारखान्यात ध्यान ठेवून बघितलं, प्रत्येक वेळी धरतोय.

म्हणजे मला असं समजलं: सूत तुटलं की माग आपोआप थांबतो, ती व्यवस्था बिघडली की सूत तुटलेलं नसताना पण माग थांबतो. कारागीर सूत शोधत बसतो आणि सूत सगळं जागेवर असतं. माझ्या कंबरेचं असं झालंय का? आणि मग लग्नात ती व्यवस्था कुठं गेली होती?

फिजिओताई_मिरज

दादा, हे तुमचं मागाचं उदाहरण मी उद्यापासून दवाखान्यात वापरणार. फक्त एक भर घाला. ही व्यवस्था नुसती बिघडत नाही, ती वापरून वापरून जास्त हळवी होते. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवर दाखवलं की इजेचे संदेश काही काळ येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी साध्या स्पर्शालाही उसळायला लागतात. म्हणून उसण भरली त्या आठवड्यात नुसता शर्ट खोचताना कळ आली असेल.

लग्नाचं. मेंदूकडं दुखणं वाढवायची सोय आहे तशी दाबायचीही आहे. मेंदूच्या देठातून मज्जारज्जूत खाली उतरणारे तंतू असतात, ते खालून येणारा वेदनेचा संदेश वाटेतच कमी करतात, आणि त्यासाठी शरीर स्वतःचं अफूसारखं रसायन वापरतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओला बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं बघितलं, मोठ्या जखमा झालेले कितीतरी सैनिक वेदनेचं औषध मागतच नव्हते. लग्नघरात जेवणाची पंगत उठायची असताना तुमच्या मेंदूनं कंबरेला रांगेत मागं उभं केलं. दुसऱ्या दिवशी ती पुढं आली, शिवाय एरवी न होणारी धावपळही झालेली होतीच.

आणि ‘मेंदूत आहे’ म्हणजे ‘खोटं आहे’ हे डोक्यातून काढा. बोट दारात चेमटलं तरी दुखणं मेंदूतच तयार होतं, बोटातून जातो तो फक्त संदेश. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० मध्ये व्याख्या सुधारली. तिचा भाव असा: ऊतींना झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी जोडलेला, किंवा तसा भासणारा, त्रासदायक संवेदनेचा आणि भावनेचा अनुभव. तिथंच पुढं म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणाला तर ते मानावं.

वहिनी मदतीला आहेत तर अजून एक करा. पेनची दोन टोपणं घेऊन त्यांना तुमच्या पाठीवर एकाच वेळी हलकेच टेकवायला सांगा, कधी जवळ, कधी लांब. तुम्ही डोळे मिटून सांगायचं, एक लागलं का दोन. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचं अंतरही कळतं. कंबरेवर निरोगी माणसालाही चार-पाच सेंटिमीटर लागतं, जुन्या दुखण्यात त्याहून जास्त. मोझली यांनी पेशंटांना स्वतःची पाठ जशी जाणवते तशी काढायला सांगितली होती. दुखऱ्या बाजूची कड काढताना त्यांच्या रेघा तुटत गेल्या. ती बाजू नीट सापडतच नाही म्हणाले. ज्या भागाचं चित्रच मेंदूत पुसट झालंय तो भाग बारीक कामाला कसा लागणार?

शंकेखोर_पुणे

चर्चा छान चाललीय, पण थोडं थंड पाणी टाकतो. मी संशोधनाच्या आकडेवारीचंच काम करतो.

एक, मेंदूतल्या नकाशांचे, म्हणजे शरीराचा कुठला भाग मेंदूत कुठं हे बघणारे, हे अभ्यास फार छोटे आहेत. डोक्यावर चुंबकीय स्पंदन देऊन पाठीच्या स्नायूंचे ठिकाण शोधणारे साओ आणि हॉजेस यांचे २००८ पासूनचे अभ्यास दहा-वीस माणसांवरचे. दोन स्नायूंच्या जागा मेंदूत एकमेकींत मिसळल्या, मग व्यायामानं नकाशा पुन्हा जागेवर आला, हे वाचायला फार गोड आहे. पण नकाशा हलला म्हणून दुखणं गेलं, की दुखणं कमी झालं म्हणून नकाशा हलला?

दोन, हाइड्स यांच्या अभ्यासात एका वर्षात पुन्हा दुखणं आलं ते व्यायामवाल्यांत ३० टक्क्यांना आणि बाकीच्यांत ८४ टक्क्यांना. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण माणसं अवघी ३९.

तीन, आणि हा मुद्दा मोठा. आतला स्नायू वेगळा काढून शिकवायच्या व्यायामांचा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा) २०१६ मध्ये आला. जुन्या कंबरदुखीत ते व्यायाम इतर व्यायामांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. मग चुकलेली वेळ आणि पुसट नकाशा यांचं सगळं पुराण सांगून उपयोग काय, जर शेवटी कुठलाही व्यायाम चालत असेल?

फिजिओताई_मिरज

शंकेखोर, तिन्ही मुद्दे मान्य. फक्त तिसऱ्यातून मी वेगळं काढते.

माझ्या शिकण्याच्या काळात पोटाचा आतला स्नायू वेगळा आवळायला शिकवायचं फार वेड होतं. पेशंट तासभर पाठीवर पडून बेंबी आत ओढत असायचे. त्यातून काही जण आणखी घाबरट होऊन बाहेर पडायचे, कारण त्यांना वाटायचं की हा एक स्नायू सुरू झाला नाही तर आपला कणा कोसळणार. माझ्या मते हॉजेस यांच्या प्रयोगांचा धडा ‘हा स्नायू आवळा’ असा नाहीच. धडा असा की दुखणं आणि दुखण्याची धास्ती मिळून हालचालीचा हुकूम बदलतात. दुखणं ओसरलं तरी काही जणांत हुकूम पहिल्यावर येत नाही. मग तो बदलायला आतला स्नायू शिकवा, चालायला लावा, पोहायला पाठवा, वाट कुठलीही चालेल. तो घाबरलेला आवळेपणा सुटला म्हणजे झालं. सगळे व्यायाम साधारण सारखे ठरतात त्याचं एक कारण मला हेच दिसतं.

आणि तुम्हाला मोठा अभ्यास हवा ना? २०२४ चा ऑस्ट्रेलियातला घ्या. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांवरचा. निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवत चालायला लावलं, सोबत दुखण्याबद्दल समजावलं. पुन्हा दुखणं यायला त्यांना मध्यक (निम्मी माणसं त्याच्या अलीकडं, निम्मी पलीकडं) २०८ दिवस लागले, काही न केलेल्यांना ११२. चालणं. त्यात कुठला स्नायू वेगळा काढला?

कऱ्हाडची_माई

ताईंनी वर नकाराचे प्रश्न दिलेत ते कुणी वरवर वाचून सोडू नका. माझ्या नणंदेची कंबर अशीच दुखायची. कुणी म्हटलं बाळंतपणाची पाठ, कुणी म्हटलं वजन जास्त. एका दवाखान्यात महिनोन् महिने नुसते शेक आणि इंजेक्शनं चालली. संध्याकाळी कणकण यायची, अंगावरचे ब्लाउज ढिले व्हायला लागले, ते कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही. शेवटी मणक्याचा टीबी निघाला. औषधांचा पूर्ण कोर्स केला, आता शेतात जाते. पण आपल्याकडं टीबी आहे हे विसरून ‘सगळं मेंदूत’ म्हणणारे व्हिडिओ बघत बसू नका, एवढंच.

फिजिओताई_मिरज

माई, बरं केलंत लिहिलंत. संध्याकाळची कणकण आणि उतरलेलं वजन, ही जोडी दिसली की माझ्याकडून व्यायाम मिळत नाही, रक्ततपासणीची चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडं परत पाठवते.

मागवाला_इचल

माई, ताप नाही, वजन उलट वाढलंय. टोपणाचा प्रयोग केला. उजवीकडं बऱ्यापैकी सांगता आलं. डावीकडं पोरीनं पट्टी लावून मोजलं, ती म्हणते बाबा, वीतभर लांब ठेवली तरी तुम्ही एकच म्हणताय. घरात हसून हसून पुरेवाट.

ताई, आता सांगा करायचं काय. पट्टा फेकून देऊ का? आणि बीम? सूत सांधणं तर टळत नाही.

फिजिओताई_मिरज

पट्टा फेकू नका, उतरवत न्या. आधी घरात काढा, मग कारखान्यात बसलेलं असताना, मग उभ्या कामात. बीम चढवताना सध्या असू दे.

वाकण्याची सुरुवात पडून करा. पाठीवर झोपून एक गुडघा छातीकडं, मग दुसरा, मग दोन्ही. श्वास सोडत सोडत आणायचे. धरलेला श्वास आणि आवळलेली पाठ जोडीनं चालतात, म्हणून श्वास आधी. ते जमलं की वज्रासनातून पुढं वाकून कपाळ उशीवर टेकवा, दोन-चार श्वास तिथंच थांबा आणि वहिनींना हात ठेवून सांगायला लावा, मऊ पडलं का. त्यांचा हात म्हणजे तुमचं यंत्र. पाठीवर हात पडला की मेंदूलाही त्या भागाची खबर मिळते. पुढं खुर्चीवर बसून दोन पायांच्या मध्ये हात सोडून वाकणं, आणि मग उभ्यानं, हात मागाच्या चौकटीवर टेकून. थोडं दुखेल. व्यायामाच्या वेळी वाढलेलं दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्यावर आलं तर तेवढंच चालू ठेवा. नाही आलं तर एक पायरी खाली या, बंद करू नका.

सूत सांधताना दर वेळी एकाच कडेनं, एकाच पद्धतीनं जाऊ नका. कधी एक पाय मागं, कधी गुडघा टेकून, कधी सरळ पाठ गोल करून. हो, गोल करून. हलकं काम असताना गोल पाठीनं काही बिघडत नाही, आणि मेंदूला नेमकं तेच पटवून द्यायचंय. वजनासाठी पाण्याची अर्धी बादली जमिनीवरून उचलण्यापासून सुरू करा आणि हळूहळू भरत न्या. सकाळी नाहीतर पाळी संपल्यावर चालायला जा, सुरुवातीला दम लागणार नाही एवढंच.

मिरजेला किंवा तिकडंच कुणा फिजिओथेरपिस्टला एकदा प्रत्यक्ष दाखवा. पायातली ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया मला इथून तपासता येत नाहीत.

तालीम_गल्ली

मग मी जोर काढू का नको ताई? तुम्ही तर आवळायचंच बंद केलं.

फिजिओताई_मिरज

खुशाल काढा. वर येताना श्वास सोडा आणि दोन जोरांच्या मध्ये पोट सैल पडू द्या.

मागवाला_इचल

ताई, बीमसाठी शेजारच्या कारखान्यातली ढकलगाडी बोलून ठेवलीय, आणि चढवायला दोन माणसं. मेव्हण्याला पूर्ण धागा पाठवला. त्याचा रिप्लाय आला, ‘मी हेच सांगत होतो’. आता त्याच्याशी कोण वाद घालणार.